डेड स्टॉक

मास्तरकी केलेल्या माणसाला दोन वह्यांची आयुष्यभर धास्ती असते. एक हजेरीपट आणि दुसरी डेड स्टॉक रजिस्टर. हजेरीपट सगळ्यांना माहीत आहे. डेड स्टॉक म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंची यादी. बाकडी, घंटा, कपाटं, नकाशे, पृथ्वीगोल. सरकारी मराठीत तिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात. खडू, शाई, फिनेल हे खर्चाचं सामान, ते संपलं तर कुणी विचारत नाही. जडसंग्रहातली वस्तू मात्र चार्ज देताघेताना मोजून द्यावी लागते, आणि कमी भरली तर पगारातून कापून घेतात. वस्तू चालते की नाही हा रकाना त्या वहीत नसतो. ती आहे की नाही, एवढंच.

तुळजापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी मुख्याध्यापक असताना माझ्या चार्जात एक सूक्ष्मदर्शक होता. लाकडी पेटीतला, पितळी स्क्रूचा, देखणा. मी बी.ए.चा माणूस, इतिहास आणि मराठी शिकवणारा. मला त्या यंत्राचं काही कळत नव्हतं, किंमत तेवढी कळत होती. विज्ञानाचे सर मागायला आले की मी म्हणायचो, "सर, जपून हं, पोरांच्या हातात देऊ नका." पुढे पुढे त्यांनी मागणंच सोडलं. पेटी माझ्या कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला बांधल्यासारखी माझ्याकडे. चार पावसाळे गेले. एकदा तपासणीला साहेब येणार म्हणून पेटी उघडली तर भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कापडाने पुसली, जाईना. काचेत मुरली होती. वस्तू मोजणीत बरोबर भरली. मी निवृत्त झालो तेव्हाही बरोबर भरली. पुढे ती निर्लेखनात गेली असं कळलं.

हे सगळं आठवायचं कारण माझी पुतणी.

ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती, महाराष्ट्रातल्याच एका विद्यापीठात. नाव घेत नाही, कारण तिच्या मैत्रिणींकडून जे ऐकलं त्यावरून दुसरीकडेही फार वेगळं नव्हतं. दिवाळीला घरी आली की पोर वाळलेली दिसायची. विचारलं तर म्हणायची, "काका, काम झालंय, पण मशीन बंद आहे." तिने बनवलेला पदार्थ खरोखर तोच आहे का, हे ज्या इन्फ्रारेड यंत्रावर तपासायचं ते दीड वर्ष बंद होतं. मग नमुने छोट्या बाटल्यांत भरून मुंबईला न्यायचे, प्रत्येक नमुन्याचे पैसे भरायचे, नंबर लागेपर्यंत थांबायचं. शिष्यवृत्ती आठ-आठ महिने उशिरा येणारी. पैसे माझ्या धाकट्या भावाने घातले, थोडे मीही घातले. तिचं एक अख्खं वर्ष त्यात गेलं, आणि त्या वर्षी एक चांगलं स्थळही गेलं, पण तो विषय इथे नको.

मी तिला विचारलं, एवढं लाखांचं यंत्र बिघडलं कशानं? ती हसली. त्या यंत्रात पोटॅशियम ब्रोमाइडचा एक भाग असतो. मिठाच्याच जातीचा क्षार. मीठ जसं पावसाळ्यात पाझरतं तसा तोही ओल लागली की धूसर होतो. म्हणून यंत्राच्या पोटात सिलिका जेलचे दाणे ठेवतात. कोरडे असले की निळे, ओल पिऊन तृप्त झाले की गुलाबी. गुलाबी झाले की बदलायचे, किंवा भट्टीत तापवून पुन्हा निळे करायचे. काही शे रुपयांचा कारभार. पण ज्या मदतनिसाकडे ते काम होतं तो निवृत्त झाला, पद भरलं गेलं नाही, यंत्राच्या चार्जात असलेल्या प्राध्यापकांना विभागप्रमुखपद आलं. दाणे गुलाबीचे गुलाबी राहिले आणि दोन पावसाळ्यांत यंत्र आंधळं झालं. नवीन भाग परदेशातून येणार, त्यासाठी तीन कोटेशनं, आणि विकणारी कंपनी तर एकच. खरेदीचं लेखाशीर्ष वेगळं, दुरुस्तीचं वेगळं, आणि दुरुस्तीच्या शीर्षात पैसा नाही.

मला एकदम माझी पितळी स्क्रूची पेटी आठवली. मी गप्प बसलो.

इतिहासाच्या मास्तराला मग एकच सुचतं. हे पहिल्यापासून असंच होतं का? मी शोधायला लागलो आणि शोध मला हैदराबादला घेऊन गेला. का ते सांगतो. आमचा धाराशिव जिल्हा आणि सगळा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. जिल्ह्याला ज्या मीर उस्मान अलीचं नाव होतं (२०२३ साली ते बदललं) त्याच्याच नावाचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं. शिक्षणाचं माध्यम उर्दू. माझे वडील उर्दूतून मॅट्रिक झाले, त्यांच्या वर्गातला ज्याला बी.एस्सी. व्हायचं तो हैदराबाद गाठायचा. फार कशाला, १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढचं मिलिंद महाविद्यालय, तेही सुरुवातीला उस्मानियालाच जोडलेलं होतं. मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ च्या ऑगस्टात. म्हणजे चाळीस वर्षं 'आमचं विद्यापीठ' म्हणजे उस्मानिया. आणि त्या विद्यापीठाकडे एक असं यंत्र होतं की ज्याच्यावर जगाचं काम चालत होतं.

त्याची गोष्ट एका हौशी नवाबापासून सुरू होते. नवाब जफर जंग, विलायतेत शिकलेले, आकाशाचा नाद लागलेले. त्यांनी ग्रब कंपनीची १५ इंची भिंगाची मोठी दुर्बीण घेतली आणि १९०१ साली निजामाकडे अर्ज केला की माझ्या वेधशाळेला निजामिया नाव द्या, आणि माझ्यामागे सरकारने ती सांभाळावी. या अर्जातला दुसरा भाग मला फार आवडला. वस्तू घेतानाच 'माझ्यामागे कोण?' हा प्रश्न विचारणारा माणूस विरळा. १९०७ साली नवाब वारले आणि १९०८ साली सरकारने वेधशाळा खरंच ताब्यात घेतली. चॅटवूड नावाच्या इंग्रजाला संचालक नेमलं, वेधशाळा बेगमपेठेत हलली.

तेव्हा जगभरच्या वेधशाळांनी मिळून एक प्रचंड काम अंगावर घेतलं होतं. १८८७ साली पॅरिसला ठरलं होतं की सगळ्या आकाशाचे फोटो घ्यायचे आणि अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांच्या जागा मोजून यादी करायची. आकाश शेतासारखं पट्ट्यापट्ट्यांनी वाटून दिलं. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीच्या सँटियागो वेधशाळेच्या वाट्याचा पट्टा तिच्याकडून होईना, तो हैदराबादने घेतला. कामासाठी ८ इंची कॅमेरा-दुर्बीण होती. चॅटवूडनंतर पोकॉक आले, ते १९१८ साली वारले, मग टी. पी. भास्करन यांच्याकडे सूत्रं आली आणि १९४४ पर्यंत राहिली. वर्षानुवर्षे रात्री काचेच्या पट्ट्यांवर फोटो घ्यायचे आणि दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याची जागा मोजायची. आपला पट्टा संपल्यावर जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा अर्धवट राहिलेला पट्टाही काही अंशी हैदराबादने पुरा केला. एकूण साडेसात लाखांहून जास्त तारे. बारा खंड छापले. मधेच, १९१९ साली, वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली.

सांगायचा मुद्दा असा की हे काम त्या थोरल्या दुर्बिणीवर झालं नाही. ती नवाबाची १५ इंची दुर्बीण नीट उभी राहून चालू व्हायलाच १९२२ उजाडलं! वीस-एकवीस वर्षं. काम झालं ते लहान ८ इंचीवर, कारण तिच्याजवळ रोज रात्री कुणीतरी बसत होतं आणि त्या बसणाऱ्याचा पगार चालू होता. युद्ध झालं, संचालक गेला, इन्फ्लुएंझा झाला, पण ती खुर्ची रिकामी राहिली नाही. याच आवारात बाप्पू नावाचे एक सहायक होते. त्यांचा मुलगा लहानपणापासून दुर्बिणीभोवती खेळला, तरुणपणी तिथे रूपविकारी ताऱ्यांची निरीक्षणं करू लागला. तोच वेणू बाप्पू, ज्याने पुढे तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभी केली. चालू यंत्राशेजारी वाढलेलं लेकरू काय होतं त्याचं हे उदाहरण. माझ्या कपाटातल्या पेटीशेजारी दहा-बारा वर्षांत शेकडो पोरं वाढली.

आता याच गोष्टीचा दुसरा भाग. भास्करन यांच्यानंतर आलेल्या अकबर अलींनी ठरवलं की विद्यापीठाला आधुनिक, मोठी, ४८ इंची आरशाची दुर्बीण पाहिजे. ते दिवस परकीय चलनाच्या दुष्काळाचे. विद्यापीठाला परदेशातून एक साधं यंत्र मागवायचं तरी परवान्यांच्या चळती. (याच काळात अमेरिकेने १९५१ साली दिलेल्या गव्हाच्या कर्जाचं व्याज भारतीय विद्यापीठांना पुस्तकं आणि प्रयोगशाळेची उपकरणं देण्यासाठी वापरलं गेलं. आमच्या पिढीने तो तांबडा मिलो खाल्लाय, पण गव्हातून यंत्रंही आली होती हे मला म्हातारपणी कळलं.) अकबर अलींना दुर्बीण उभी राहिलेली बघायला मिळाली नाही. १९६० साली सूत्रं आपल्या डॉ. के. डी. अभ्यंकरांकडे आली. हैदराबादबाहेर जापाल आणि रंगापूर या गावांजवळ, अंधाऱ्या माळावर, १९६८ च्या सुमाराला ती दुर्बीण सुरू झाली. तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींपैकी ती एक, आणि विद्यापीठाच्या मालकीची. एखाद्या राष्ट्रीय संस्थेची नव्हे, विद्यापीठाची! विद्यापीठ अनुदान आयोगाने खगोलशास्त्राचं प्रगत अध्ययन केंद्रही तिथेच दिलं होतं.

१६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण तुमच्यापैकी माझ्या वयाच्यांना आठवत असेल. शनिवार होता. आमच्याकडे ते खंडग्रास होतं, पण सूर्याची कोरच उरली होती. गावात चिटपाखरू नव्हतं. एसट्या रिकाम्या, दारं-खिडक्या बंद, पिण्याच्या पाण्यात तुळशीची पानं. मी तीस वर्षांचा शिक्षक, आणि खोटं कशाला बोलू, मीही आत बसलो होतो. त्याच दुपारी आमच्यापासून तीनेकशे किलोमीटरवर रंगापूरच्या माळावर देशोदेशीचे शास्त्रज्ञ यंत्रं रोखून बसले होते, कारण खग्रासचा पट्टा नेमका तिथून जात होता. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी गेलो असतो का? माहीत नाही.

पुढे काय झालं? दुर्बिणीचा आरसा म्हणजे काचेवर ॲल्युमिनियमचा पातळ थर. तो वर्षा-दोन वर्षांनी काढून नव्याने चढवावा लागतो. चालवणारी इलेक्ट्रॉनिक्स जुनी होत जाते, ती बदलावी लागते. माणसं निवृत्त होतात, त्यांच्या जागी माणसं लागतात. वर शहराचा उजेड वाढत आला. यातलं एकही संकट एका रात्रीत येत नाही, म्हणून त्यावर तातडीची फाईलही निघत नाही. दुर्बीण हळूहळू कमी चालत गेली आणि शेवटी थांबली. अलीकडच्या काळात वर्तमानपत्रांत तिच्या पडीक अवस्थेच्या बातम्या वाचल्या. माझी मुलगी हैदराबादला असते, तिच्याकडे गेलो असताना बेगमपेठेत जाऊन आलो. जुन्या वेधशाळेच्या आवारात आता अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अभ्यासाची एक चांगली संस्था आहे. घुमट बाहेरून पाहिला. मुलगी म्हणाली, "बाबा, यात काय आहे एवढं बघण्यासारखं?" तिला साडेसात लाखांचा आकडा सांगितला. ती म्हणाली, "अगंबाई!" आणि आम्ही रिक्षा केली.

यंत्र हे घेतल्यावर संपत नाही, हे दिल्लीच्या लोकांना कळलं नव्हतं असं नाही. सत्तरच्या दशकात दोन चांगल्या योजना निघाल्या. एक, फार महाग यंत्रं प्रत्येक विद्यापीठाने घेण्याऐवजी ठिकठिकाणी सामाईक केंद्रं काढायची. आपल्याकडे असं केंद्र मुंबईच्या आयआयटीत झालं. माझी पुतणी बाटल्या घेऊन जायची ती तिथेच, आणि तिथल्या माणसांबद्दल तिची काही तक्रार नाही, गर्दीबद्दल आहे. दुसरी योजना विद्यापीठांत विज्ञान उपकरण केंद्रं काढायची. तिथे तंत्रज्ञ, लेथ, काच फुंकणारा कारागीर, इलेक्ट्रॉनिक्सवाला, म्हणजे विद्यापीठाचं स्वतःचं गॅरेज. पुण्याला, कोल्हापूरला अशी केंद्रं झाली. कल्पना सोळा आणे खरी होती. पण अशा केंद्राचा प्राण तंत्रज्ञ, आणि पदं गोठवायची वेळ आली की पहिला घाव तंत्रज्ञावर पडतो. तो पेपर छापत नाही, शिकवत नाही, मोर्चातही मागच्या रांगेत असतो.

इथे कुणीतरी हमखास रामन यांचं उदाहरण देतो. दोनशे रुपयांच्या सामानावर नोबेल मिळवलं, मग तुम्हाला कशाला हवीत कोटींची यंत्रं? मीही २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या भाषणात, वर्षानुवर्षे हेच ठोकून दिलं. आता वाटतं अर्धंच सांगितलं. रामन कलकत्त्याच्या ज्या संस्थेत काम करत होते तिथे आशुतोष डे नावाचे एक सहायक होते. १९०७ साली तरुण रामन प्रथम तिथे आले तेव्हा भेटले ते हेच आशुबाबू, आणि पुढे पंचवीसेक वर्षं प्रयोगशाळेची जुळवाजुळव त्यांच्या हातात. सूर्याचा उजेड एकवटायला जी सात इंची भिंगाची दुर्बीण वापरली ती काही दोनशे रुपयांत आली नव्हती. ती संस्थेत होती, आणि चालू होती. दोनशे रुपयांच्या हिशेबात आशुबाबूंचा पगार धरलेला नाही, हे मी पोरांना कधी सांगितलं नाही.

पुण्याला १९८८ साली निघालेली आयुका मला या बाबतीत शहाणपणाची वाटते. विद्यापीठांसाठीच काढलेली सामाईक संस्था. नारळीकर सरांचं (सर २०२५ च्या मे महिन्यात गेले) नाव त्यांच्या गोष्टींमुळे घरोघरी पोचलं, पण मला त्यांचं मोठेपण यातही दिसतं की जुन्नरजवळ गिरावलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटरची दुर्बीण उभी राहिली तेव्हा पुण्यात उपकरणं बनवणारी, दुरुस्त करणारी प्रयोगशाळा संस्थेच्या घरातच होती. कुठल्याही विद्यापीठातल्या मास्तराने अर्ज करावा आणि वेळ मागावा. रंगापूरला जे एका विद्यापीठाच्या खांद्याला पेललं नाही ते इथे सगळ्यांनी मिळून उचललं.

पण सगळीच यंत्रं अशी सामाईक करता येत नाहीत. रोज लागणारा तराजू, भट्टी, इन्फ्रारेड, फ्रीज हे शेजारच्या गावी ठेवून कसं चालेल? आमच्या धाराशिवला २००४ साली विद्यापीठाचं उपकेंद्र झालं तेव्हा आम्ही जुनी मंडळी खूश झालो होतो. आमच्या वडिलांना हैदराबाद, आम्हाला औरंगाबाद, नातवंडांना तरी गावात. पण जिथे मार्चअखेर यंत्र घेण्याची घाई आणि एप्रिलपासून त्याच्या विजेची, पाण्याची, माणसाची ओरड, तिथे यंत्र गावात असून नसल्यासारखंच, मग ते गाव कुठलंही असो. त्यात २०२२ च्या जुलैमध्ये सरकारी संशोधन संस्थांना उपकरणांवर असलेली ५ टक्के जीएसटीची सवलत निघाली आणि बऱ्याच यंत्रांवर कर १८ टक्के झाला. पुतणीचा हिशेब सोपा होता. "काका, त्या वाढलेल्या तेरा टक्क्यांत वर्षाचे दाणे, बॅटऱ्या आणि एक माणूस निघाला असता." दोन हजार वीसच्या जानेवारीत केंद्र सरकारने कुठलं यंत्र कुठे आहे आणि कुणाला वापरता येईल हे सांगणारं आय-स्टेम नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. म्हणजे देशाचं डेड स्टॉक रजिस्टरच म्हणा. मी पुतणीला पहिला प्रश्न केला, "त्यात चालू की बंद हा रकाना आहे का गं?" ती म्हणाली, "काका, तुम्ही मुख्याध्यापकच राहिलात."

असो. तिची पीएच.डी. झाली. आता एका छोट्या कॉलेजात शिकवते, लग्नही झालं. तिच्या कॉलेजात जुनं इन्फ्रारेड यंत्र आलंय, कुणाकडून तरी वापरून झालेलं. चार्ज तिच्याकडे. तिने यंत्राला सुतळीने एक दोनशेपानी वही बांधली आहे. तारीख, वापरणाऱ्याची सही, आणि शेवटचा रकाना दाण्यांचा रंग. बी.एस्सी.ची पोरं-पोरी पाळीपाळीने भरतात. चुकलं तर ती रागावते म्हणे, पण यंत्राला हात लावू नका असं म्हणत नाही. गेल्या श्रावणात तिने मला मोबाईलवर त्या पानाचा फोटो पाठवला. जूनपासून ओळीने निळा, निळा, निळा, मग एक दिवस 'किंचित गुलाबी, भट्टीत ठेवले', आणि त्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी कच्च्या अक्षरात पुन्हा निळा. अक्षराला मी दहापैकी चार गुण दिले असते.